एक कोटी विहिरी आणि दिव्याचा एक सेकंद

एक विहीर घ्या. साधी, गोल, बांधीव. तोंड वीस फुटांचं, म्हणजे सहा मीटर. आत पाणी दहा मीटर. जुनी माणसं सहा पुरुष म्हणतील. पोरांनी काठावरून उड्या टाकाव्यात अशी भरलेली विहीर. हिच्यात पाणी किती? २ लाख ८३ हजार लिटर.

आता पावसाळ्यात रोज पेपरात येतो तो शब्द घ्या: टीएमसी. अब्ज घनफूट. धरणात इतके टीएमसी आले, तितके सोडले, हे आपण चहाबरोबर वाचतो आणि पान उलटतो. आज उलटू नका. एक टीएमसी म्हणजे वर सांगितल्या तशा एक लाख विहिरी! भागाकार इतका नेमका बसतो की विहीर मुद्दाम त्या मापाची निवडली असावी अशी शंका यावी. (निवडलीच आहे.)

पुण्याची खडकवासला साखळीतली चारही धरणं तुडुंब भरली की होतात सुमारे २९ टीएमसी. एकोणतीस लाख विहिरी. आणि कोयना? १०५ टीएमसी. एक कोटी पाच लाख विहिरी! एकीला खेटून एक अशा ओळीनं खणत गेलात तर ओळ ६३ हजार किलोमीटर लांब होईल. पृथ्वीभोवती एक वेढा पूर्ण, आणि दुसरा निम्म्याच्या पुढे. एवढं सगळं पाणी एका भिंतीनं अडवलंय. भिंतीची लांबी ८०७ मीटर. रमतगमत चाललात तरी दहा-बारा मिनिटांत पार.

विहिरींनी समाधान होत नसेल तर रेल्वे आहे. एप्रिल २०१६ मध्ये दुष्काळानं होरपळलेल्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी नेलं, ते आठवत असेल. सुरुवातीला दहा वाघिणी, मग पन्नास वाघिणींची लांबलचक गाडी, २५ लाख लिटर पाणी घेऊन. सगळ्या देशानं टीव्हीवर पाहिली. ती अख्खी गाडी म्हणजे आपल्या जेमतेम नऊ विहिरी! कोयनेचं पाणी अशा गाड्यांनी हलवायचं ठरवलं तर लागतील ११ लाख ८९ हजार गाड्या. तासाला एक सोडा, दिवसरात्र, दिवाळी-गणपतीची सुट्टी न घेता. सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला त्या १८९३ साली पहिली गाडी सोडली असती, तरी शेवटची अजून मिरजेच्या यार्डातच उभी असती.

आणि पाऊस हे काम चार महिन्यांत करतो. पण पाऊस इंजिनिअर नव्हे. त्यानं टाकलेलं पाणी जिथं थांबायला हवं तिथं थांबवणारा माणूस तो इंजिनिअर. आणि त्याच्या थांबवण्याचे आकडे पावसापेक्षा भारी आहेत. पाण्याची खोली ८० मीटर धरा. तळाशी प्रत्येक चौरस मीटरवर ८० टनांचा दाब. एक मीटर बाय एक मीटर, म्हणजे घरातल्या चौरंगाहून थोडी मोठी जागा, आणि तिच्यावर भरलेल्या पाच-सहा एसट्या! अशा ठिकाणी भिंतीच्या दर मीटर लांबीला पाणी ३,२०० टनांच्या जोरानं ढकलत असतं. आपल्या एक्स्प्रेस ओढणारं विजेचं डब्ल्यूएपी-७ इंजिन १२३ टनांचं असतं. म्हणजे भिंतीच्या दर मीटरला सव्वीस इंजिनांचं वजन आडवं रेललेलं. रोज. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला सहाहून अधिक रिश्टरचा भूकंप झाला तेव्हाही ते रेललेलंच होतं. भिंतीला तडे गेले, भिंत उभी राहिली. नंतर तिला पाठीमागून काँक्रीटचा आधार देऊन आणखी जाड केलं.

दरवर्षी जून-जुलैत पुष्कळ घरांत एकच वाद पेटलेला असतो: इंजिनिअरिंगची कुठली शाखा? कॅप राउंडला कॉम्प्युटर मिळालं नाही, आता सिव्हिल घ्यावं का मेकॅनिकल, का पुढच्या राउंडची वाट बघावी? काका-मामा पगारावर बोलतात. कटऑफवर बोलतात. कुठल्या शाखेच्या माणसाला किती मोठ्या, किती छोट्या, किती वेगवान गोष्टीशी दोन हात करावे लागतात, यावर कुणी बोलत नाही. आपण तेच करू. शाखांमागून शाखा घेऊ, आणि पगाराचं नावसुद्धा काढायचं नाही.

सिव्हिलवाल्याचं अजून संपलेलं नाही. कोयनेचं पाणी नुसतं साठवून भागत नाही; सह्याद्रीच्या पोटातून बोगद्यानं पश्चिमेला नेऊन ते जवळजवळ अर्धा किलोमीटर खाली कोसळवायचं आणि त्यातून वीज काढायची. आपली एक विहीर तशी खाली सोडली तर तीनशेहून जास्त युनिट वीज हाती येते. महिन्याला शंभर युनिट जाळणाऱ्या घराचा तिमाही खर्च एका विहिरीत निघाला! या वीजप्रकल्पाच्या चौथ्या टप्प्यासाठी धरण रिकामं करणं शक्यच नव्हतं. एक कोटी विहिरी कुठं ओतणार? मग बोगदा खालून वर, भरलेल्या जलाशयाच्या तळापर्यंत आणला, शेवटचा कातळाचा पडदा शिल्लक ठेवला आणि १३ मार्च १९९९ रोजी तो सुरुंगानं उडवला. डोक्यावर एवढा समुद्र असताना त्याचं बूच खालून काढायचं, आणि ठरल्याइतकंच काढायचं! २०१२ मध्ये पुन्हा एकदा काढलं.

मुंबईचं पाणी बघा. शहराला रोज सुमारे ३९० कोटी लिटर पाणी मिळतं. लातूरच्या गाडीनं मोजा: रोज १,५६० गाड्या. दिवसाची मिनिटं असतात १,४४०. म्हणजे मिनिटाला एकाहून जास्त पाणीगाडी, अहोरात्र, आणि एकही गाडी डोळ्यांना दिसत नाही. सगळं तलावांतून निघून नळातून येतं, आणि आपण म्हणतो, आज प्रेशर कमी आहे.

कोकण रेल्वे घ्या. रोह्यापासून मंगळुरूच्या अलीकडे ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटर. लहानमोठे पूल जवळजवळ दोन हजार. दर ३७० मीटरला एक पूल! गाडी ताशी शंभरनं चालली तर तेरा सेकंदाला एक. एक, दोन, तीन म्हणत तेरापर्यंत या, पूल. पुन्हा तेरा, पुन्हा पूल. बोगदे नव्वदहून अधिक, एकूण लांबी ८४ किलोमीटर. ते सगळे जोडून एकच केला असता तर सीएसएमटीला अंधारात शिरलेली गाडी नेरळ जवळ आल्यावर उजेडात आली असती. आणि हे सगळं सव्वासात वर्षांत. सरासरी काढली तर रोज तीस मीटर बोगदा आणि दर चार दिवसांत तीन पूल. ई. श्रीधरन यांच्या माणसांनी हे केलं ते कातळातच नव्हे, ओल्या मातीतूनही. गोव्यातल्या पेडण्याच्या बोगद्यात ती माती पुन:पुन्हा ढासळत होती. रत्नागिरीजवळ पानवल नदीवरचा पूल ६४ मीटर उंच आहे. वीस मजली इमारत अल्लद गाडीखालून निघून जाईल.

पैशात मोजायची हौस असेल तर अटल सेतू. लांबी २१.८ किलोमीटर, खर्च सुमारे १७,८४० कोटी. कोटी म्हटलं की डोकं बधिर होतं, म्हणून खाली या. किलोमीटरला ८१८ कोटी. मीटरला ८१ लाख ८० हजार. सेंटीमीटरला जवळजवळ ८२ हजार! शाळेतली पट्टी त्यावर ठेवा आणि एकेक रेघ मोजा. कोल्हापुरी चप्पल टाकलीत तर तिच्याखाली वीस लाखांचा पूल. पायी जायला तिथं बंदी आहे ते एका परीनं बरंच. पाऊल उचलवलं नसतं. (मंगळयान आणि रिक्षाभाड्याची तुलना इथं अपेक्षित असेल तर माफ करा. ती इतकी झालीय की आता रिक्षावालेही कंटाळलेत.)

आता मेकॅनिकल. इथं लांबी-रुंदी आटते आणि वेग चढतो. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्रात ५०० मेगावॉटचे संच आहेत. अशा संचाचं वाफेवर फिरणारं टर्बाइन मिनिटाला ३,००० फेऱ्या मारतं. सेकंदाला पन्नास. वर्षभर न थांबता चाललं तर १५७ कोटी फेऱ्या. शेवटच्या टप्प्यातलं पात्यांचं चक्र साडेतीन मीटर व्यासाचं धरा. पात्याचं टोक सुटतं ताशी १,९८० किलोमीटर वेगानं. त्या टोकाला मुंबईहून पुण्याला धाडलं तर साडेचार मिनिटांत पोचेल. एक्स्प्रेसवेच्या घाटात अडकलेल्या माणसाला हे सांगू नका.

पण वेग हा गंमतीचा भाग. खरा आकडा पुढे आहे. गोफण फिरवताना दगड हात ओढतो तसं हे पातंही बाहेर ओढ घेतं. पातं दहा किलोचं धरू, आपल्या गव्हाच्या लहान पिशवीएवढं. मध्यापासून सव्वा मीटरच्या आत-बाहेर फिरतंय. त्याची ओढ किती? सुमारे १२५ टन! दहा किलोचं पातं, आणि त्याला टांगलेलं एक अख्खं रेल्वे इंजिन. शेजारच्या पात्याला दुसरं इंजिन. त्याच्या शेजारी तिसरं. एका चक्रात डझनावारी पाती, म्हणजे डझनावारी इंजिनं, सेकंदाला पन्नास वेळा गरागरा. पात्याचं टोक आणि भोवतीचं कवच यांच्यात फट काही मिलिमीटरचीच. पात्याचं खोड चाकाच्या खाचेत कसं बसवायचं, हा ज्याचा रोजचा प्रश्न आहे तो मेकॅनिकल इंजिनिअर. आपण त्याला गाडीचा आवाज का येतो ते विचारतो.

हे टर्बाइन एकटं फिरत असतं तरी समजण्यासारखं होतं. एकटं नाहीये. इथून इलेक्ट्रिकल सुरू. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर वाहिनी जोडली गेली आणि दक्षिणेची वीज उर्वरित देशाशी एका ठेक्यात आली. एका ठेक्यात म्हणजे अक्षरशः. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत सगळी मोठी जनित्रं सेकंदाला पन्नासच्या एकाच तालावर. कोयनेची जनित्रं हळू फिरतात, चंद्रपूरची जलद, पण ताल एकच. वारीत लाखो पावलं टाळाच्या ठेक्यावर पडतात ना, तसं. फक्त इथं पाऊल सेकंदाला पन्नास वेळा पडतं आणि चुकलं तर दिवे जातात. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला चुकलं होतं. दुसऱ्या दिवशी साठ कोटींहून अधिक लोक अंधारात गेले. जगातल्या दर अकरा-बारा माणसांतला एक!

आणि ताकद केवढी? ३० मे २०२४ ला देशाची विजेची मागणी २५० गिगावॉटला पोचली. गिगावॉट सोडा, बैलजोडी घ्या. चांगली जोडी एक अश्वशक्ती देते असं धरू. लागतील ३३ कोटी ५० लाख जोड्या. ६७ कोटी बैल! २०१९ च्या पशुगणनेत देशात गाई, बैल, कालवडी, वासरं सगळी मिळून १९ कोटींच्या थोडी वर. म्हणजे देशातला झाडून सगळा गोवंश, दुधाची गाय आणि कालचं वासरू धरून, जुंपला तरी एक तृतीयांश भागणार नाही. जोड्या एकामागे एक उभ्या केल्या, जोडीला तीन मीटर जागा, तर रांग दहा लाख किलोमीटरची. चंद्रावर जायचं, परत यायचं, आणि पुन्हा निम्म्याहून जास्त वाट चालायची. पोळ्याला झुली पुरवता पुरवता नाकी नऊ येतील.

यातली एक गोष्ट सारखी विसरायला होते. ही वीज कुठं टाकीत भरून ठेवलेली नसते. निदान आपल्या गरजेच्या मानानं नसतेच म्हणा. तुम्ही सकाळी चटणीसाठी मिक्सर लावता त्या क्षणी कुठंतरी एक टर्बाइन तेवढा जोर जास्त लावतं. मिक्सर थांबला की जोर कमी. हा हिशेब कोट्यवधी मिक्सरांचा, पंपांचा, लोकलगाड्यांचा, दर क्षणाला जुळवायचा. चंद्रपूरहून ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्याला येणारी एकच वाहिनी ७५२ किलोमीटरवरून पाच लाख व्होल्टनं १,५०० मेगावॉट आणते, म्हणजे वीस लाख बैलजोड्या विदर्भात जुंपायच्या आणि नांगर मुंबईच्या वेशीवर ओढायचा.

केमिकलवाल्याला आपण नेहमी विसरतो, आणि इथंही तो थोडक्यातच उरकणार आहे, पण एक आकडा ऐकल्याशिवाय सोडणार नाही. अलिबागजवळ थळला खताचा कारखाना आहे. अशा कारखान्यांत हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया होतो. हवेच्या दाबाच्या दीडशे-दोनशे पट दाबाखाली: अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर धान्याची तीन-चार पोती. जगभरात वर्षाला सुमारे १८ कोटी टन अमोनिया तयार होतो. ३,८०० टनांच्या मालगाड्या केल्या तर रोज १३०, दर अकरा मिनिटांनी एक. त्यातला बहुतेक खतात, खतातून पिकात, पिकातून ताटात. माणसांच्या अंगातला सुमारे निम्मा नायट्रोजन आज कारखान्यातून आलेला आहे असा शास्त्रज्ञांचा हिशेब आहे. साठ किलोच्या माणसात तो जवळजवळ किलोभर भरतो. आरशात बघा. त्यातला किलोभर माल फॅक्टरीमेड!

आता ज्या शाखेसाठी घरोघरी रडारड होते ती: कॉम्प्युटर. यूपीआय. ऑगस्ट २०२५ च्या एका महिन्यात व्यवहार झाले २,००१ कोटी. दिवसाला साडेचौसष्ट कोटी. सेकंदाला ७,४७०. वडापाववाल्याच्या पाटीवरून तुमचा ‘टिंग’ वाजला त्याच सेकंदात आणखी ७,४६९ टिंग वाजले, आणि तुमचे वीस रुपये दुसऱ्या कुणाच्या खात्यात गेले नाहीत.

हेच काम बँकेच्या खिडकीवर करू. कॅशियर तत्पर आहे, टोकन वगैरे काही नाही, एका गिऱ्हाइकाला तीन मिनिटं, दिवसाला सहा तास. दिवसाची १२० गिऱ्हाइकं. साडेचौसष्ट कोटींना लागतील चौपन्न लाख खिडक्या! दीड मीटरची एक खिडकी धरली तर काउंटर ८,००० किलोमीटरचा. मुंबई–पुणे चौपन्न वेळा. आणि ‘जेवणाची सुट्टी’ अशा चौपन्न लाख पाट्या एकदम लागल्या तर काय होईल ते तुम्हीच चितारा.

रक्कम? २४ लाख ८५ हजार कोटी रुपये, एका महिन्यात. पाचशेच्या नोटा मोजू: ४,९७० कोटी नोटा. नोटेवर नोट ठेवत थप्पी रचली तर ४,९७० किलोमीटर उंच. अंतराळ स्थानक चारशे किलोमीटरवर फिरतं. थप्पी त्याच्या बारापट वर. नोट ग्रॅमभराची धरली तर वजन जवळजवळ पन्नास हजार टन. कोळशाऐवजी नोटांनी शिगोशीग भरलेल्या तेरा मालगाड्या भुसावळच्या यार्डात उभ्या करा. गार्ड कोण होणार यावरून मारामारी होईल. प्रत्यक्षात एकही नोट हलत नाही. फक्त आकडे हलतात, आणि महिनाअखेर हिशेब पैशापैशाला जुळतो.

ते आकडे ज्यात हलतात तो तुकडा तुमच्या हातात आहे, आणि तो बघायला आता आपल्याला लहान व्हावं लागेल. २०२३ साली आलेल्या अ‍ॅपलच्या महागड्या फोनमधली ए१७ प्रो ही चिप घ्या. बोटाच्या नखाएवढी. तिच्यात ट्रान्झिस्टर १,९०० कोटी. सेकंदाला एक मोजा, झोपू नका. लागतील ६०२ वर्षं. बहामनी सुलतानांनी राजधानी गुलबर्ग्याहून बिदरला हलवली त्या सुमारास मोजायला बसलेला माणूस आज कुठं उठत असता. तेवढ्या वेळात शिवरायांचं राज्य येऊन, मराठे अटकेपर्यंत जाऊन, इंग्रज येऊन गेलेसुद्धा असते, आणि हा बोटं मोडत बसलेला. एकेका ट्रान्झिस्टरच्या जागी शाळू ज्वारीचा एकेक दाणा ठेवला तर ज्वारी होते सहाशे टनांवर. दहाटनी साठ ट्रक सोलापूरच्या मार्केट यार्डात, आणि ते सगळे मिळून एक नख!

एवढं बारीक कोरायचं कशानं? उजेडानं. पण साधा उजेड इथं जाडाभरडा पडतो, म्हणून वेगळा बनवतात. कथलाचा थेंब, केसाहूनही बारीक, उडत असताना लेझरनं टिपायचा. एकदा चपटा करायला, दुसऱ्यांदा जाळायला. असे थेंब सेकंदाला पन्नास हजार! थेंब जळताना सूर्याच्या पृष्ठभागाच्या चाळीसपट तापतो आणि हवा तो उजेड देतो. मग तो आरशांवरून वळवायचा. आरसा किती गुळगुळीत? तो महाराष्ट्राएवढा मोठा केला, गोंदियापासून डहाणूपर्यंत आणि नंदुरबारपासून सिंधुदुर्गापर्यंत, तर त्यावरचा सगळ्यात उंच उंचवटा एक दशांश मिलिमीटरचा निघेल. आपल्या खऱ्या महाराष्ट्रात कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे. त्या आरशातल्या महाराष्ट्रात कळसूबाईची उंची पाचशेच्या एका नोटेच्या जाडीएवढी! ट्रेकर मंडळींनी घरीच बसावं.

मोठं झालं, वेगवान झालं, बारीक झालं. आता उरलं ते अशक्त. आणि माझ्या मते सगळ्यात अचाट आकडा इथंच आहे, पुण्याहून ऐंशी किलोमीटरवर, नारायणगावजवळच्या खोडदला. द्राक्षबागांच्या शेजारी उभ्या असलेल्या त्या पांढुरक्या जाळीदार तबकड्या नाशिकला जाताना तुम्ही पाहिल्याही असतील. जीएमआरटी. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभारलेली रेडिओ दुर्बीण. तीस तबकड्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाची, पंचवीस किलोमीटरच्या परिसरात विखुरलेल्या. एकेका तबकडीत टेनिसची सहा कोर्ट मावतील. तीसही मिळून कान किती मोठा? पावणेबारा एकर.

हा पावणेबारा एकरांचा कान ऐकतो काय? आकाशातला एखादा बऱ्यापैकी ठळक रेडिओ स्रोत घ्या, खगोलशास्त्रज्ञ ज्याला एक जान्स्की म्हणतात तेवढा. सगळ्या तबकड्या त्याच्याकडे वळवा. एक थेंबही सांडला नाही असं धरा. त्याची जी ऊर्जा जमा होईल ती डब्यात साठवत जा. घरातला नऊ वॉटचा एलईडी दिवा फक्त एक सेकंद पेटेल एवढी ऊर्जा हवी. किती वेळ साठवावं लागेल? एक महिना? एक वर्ष? बहामनी काळापासून?

एक कोटी ऐंशी लाख वर्षांहून जास्त!

एका सेकंदाच्या उजेडासाठी. माणूस नावाचा प्राणी पृथ्वीवर नव्हता तेव्हापासून साठवायला लागावं, आणि तरी डबा भरलेला नसावा. आणि हा ठळक स्रोत. जानेवारी २०२३ मध्ये शास्त्रज्ञांनी जाहीर केलं की जीएमआरटीनं दूरच्या एका दीर्घिकेतल्या हायड्रोजनचा संदेश पकडलाय. तो ठळक स्रोतापेक्षा हजारो पटींनी क्षीण. वाटेतल्या दुसऱ्या एका दीर्घिकेनं भिंगासारखं काम केलं म्हणून तो जरा मोठा झाला, नाहीतर तेवढाही नसता. निघाला होता ८८० कोटी वर्षांपूर्वी. पृथ्वीचं वय ४५४ कोटी. म्हणजे तो जवळजवळ अर्धी वाट चालून आला तेव्हाही खोडद नव्हतं, सह्याद्री नव्हता, पृथ्वीच नव्हती. पृथ्वी झाली, थंड झाली, सह्याद्रीचा लाव्हा ओतला गेला, द्राक्षं लागली, इलेक्ट्रॉनिक्सच्या पोरांनी तबकडी वळवून ठेवली, आणि तो येऊन तारेच्या जाळीवर पडला. गोंगाटातून तो वेगळा काढणारं यंत्र त्याच पोरांनी जुळवलेलं.

२८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाला खोडदला प्रदर्शन भरतं. शाळांच्या सहली येतात, मुलं प्रयोग मांडतात, दुर्बीण जवळून बघता येते. घरातल्या बारावीच्या पोराला घेऊन जा, शाखेचा निर्णय त्यानंतर करा. फक्त तबकड्यांजवळ पोचलात की खिशातला मोबाईल बंद करा. त्या कानाजवळ तो फार म्हणजे फारच मोठ्यानं ओरडतो.